शुक्राणूंविरुद्ध लस अजून का निघाली नाही?

बडोद्यातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे. दोन मुलं झाली, तिसरं नको. तांबी बसवली, पण अंगावरून फार जायला लागलं म्हणून काढावी लागली. गोळ्यांनी डोकं दुखतं, ऑपरेशनची भीती वाटते आणि यजमान नसबंदीचं नाव काढू देत नाहीत. करोनाची लस वर्षभरात निघाली, मग शुक्राणूंना अडवणारी लस का निघू नये? आणि उद्या निघालीच तर घ्यावी का?

ताई, आधी सरळ उत्तर देते. शुक्राणूंविरुद्धची लस आज माणसांसाठी जगात कुठेही मिळत नाही, आणि नजीकच्या काळात मिळेल असं मला वाटत नाही. नेमकं कुठल्या प्रथिनाला अडवायचं हे कळलेलं नाही, असं मात्र नाही. प्रथिनं सापडली आहेत, आणि एकापेक्षा एक नेमकी सापडली आहेत. घोडं अडलंय ते लसीच्या स्वभावापाशी. एकच लस दहा जणींना दिली तर दहा शरीरं दहा तऱ्हेचा प्रतिसाद देतात. तापाच्या आजारात ते चालून जातं. गर्भनिरोधनात ‘बहुतेकींना लागू पडते’ या आश्वासनावर कुठलीही बाई निर्धास्त झोपू शकत नाही.

मी वंध्यत्वाच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्याकडे येणारी जोडपी तुमच्या बरोबर उलट टोकाची, मूल हवं असून न होणारी. त्यातल्या काहींच्या शरीरात तुम्ही मागता आहात तसली लस निसर्गानेच टोचून ठेवलेली असते. त्यांच्या रक्तात, वीर्यात किंवा गर्भाशयमुखाच्या स्रावात शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. त्यासाठी ‘मार’ नावाची तपासणी करतात. वीर्याचा ताजा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात अँटीबॉडीचं अस्तर दिलेले लॅटेक्सचे सूक्ष्म मणी मिसळायचे, दोघांना जोडणारं द्रावण घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. शुक्राणूंवर अँटीबॉडी नसतील तर ते मण्यांमधून सुळकन निघून जातात. असतील तर मणी त्यांना चिकटतात, कुणाच्या डोक्याला, कुणाच्या शेपटीच्या टोकाला, आणि शुक्राणू ते ओझं ओढत फिरतात. थोड्या वेळाने मणीच एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पोहणाऱ्या शुक्राणूंपैकी निम्म्यांहून अधिक मण्यांत अडकले, तर आम्ही तो अहवाल गंभीर धरतो.

स्त्रीच्या बाजूनेही असंच घडतं. गर्भाशयमुखाच्या स्रावात अँटीबॉडी असतील तर त्यात शिरलेला शुक्राणू मरत नाही, पण पुढेही सरकत नाही. तारेवरच्या मांज्यात अडकलेला पतंग उत्तरायणानंतर जसा जागच्या जागी फडफडत राहतो, तसा तो थरथरत राहतो. हे डोळ्यांनी पाहिलं की लसीची कल्पना किती मोहात पाडणारी आहे ते पटतं. या बाईची तब्येत ठणठणीत, पाळी नियमित, संप्रेरकं (हार्मोन्स) जागच्या जागी, फक्त शुक्राणू वर चढत नाहीत. मग हेच हवं तेव्हा घडवता आणि हवं तेव्हा थांबवता आलं तर?

कल्पना जुनीच आहे. शुक्राणू दुसऱ्या शरीरात टोचले की त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात हे लँडस्टायनर आणि मेचनिकॉफ यांनी 1899 मध्येच दाखवलं होतं. 1932 मध्ये अमेरिकेत बास्किन यांनी स्त्रियांना थेट शुक्राणूच टोचून तात्पुरती वंध्यता आणण्याचा प्रयोग केला. आज तसं कुणी करणार नाही, कारण अख्ख्या शुक्राणूवर असलेली कितीतरी प्रथिनं शरीरात इतर ठिकाणीही असतात. त्यांच्याविरुद्ध फौज उभी केली तर ती नको त्या अवयवावरही चालून जाईल. म्हणून फक्त शुक्राणूवर असणारं आणि गर्भधारणेला ज्याच्यावाचून चालतच नाही असं प्रथिन हवं.

ते शोधायचं तर शुक्राणूचा प्रवास नीट पाहावा लागतो. एका वेळच्या वीर्यात 3.9 कोटी शुक्राणू हा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला खालचा संदर्भ-आकडा आहे. त्यातले बीजवाहिनीच्या रुंद भागात, जिथे स्त्रीबीज असतं, तिथे काही शेकडाच पोचतात. पोचले तरी लगेच कामाचे नसतात. स्त्रीच्या जननमार्गात काही तास राहिल्यावर त्यांच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, आतली रसायनं बदलतात आणि मगच फलनाची पात्रता येते. हे चँग आणि ऑस्टिन यांनी 1951 मध्ये स्वतंत्रपणे शोधून काढलं, आणि टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र याच ज्ञानावर उभं राहिलं. पुढे शेपटीवरच्या ‘कॅटस्पर’ नावाच्या दारांतून कॅल्शियम आत शिरतं, शेपटीचे फटके एकदम जोरकस होतात आणि शुक्राणू भिंतींना चिकटलेला असेल तर सुटून निघतो. हे प्रथिन 2001 मध्ये सापडलं. उंदरांत ते काढून टाकलं तर नर दिसायला निरोगी, पण वांझ.

मग येतो स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींचा चिकट थर. त्यातून वाट काढायला शुक्राणूवरचं ‘पीएच-20’ हे प्रथिन मदत करतं. त्याच्या आत स्त्रीबीजाचं जाड पारदर्शक कवच, झोना. तिथे शुक्राणूच्या डोक्यावरची अ‍ॅक्रोसोम नावाची पिशवी फुटते, आतली विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर पडतात आणि शुक्राणू कवच भेदून आत घुसतो. आता फक्त दोन पेशींची पातळ आवरणं समोरासमोर उरतात, आणि इथेच ‘इझुमो’ लागतं.

इझुमो 2005 मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात सापडलं. ज्या उंदरांत त्याचा जनुक बंद केला होता त्यांचे शुक्राणू दिसायला उत्तम, पोहायला उत्तम, कवचही भेदायचे. पण स्त्रीबीजाशी एकरूप व्हायचे नाहीत. तेच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडले तर मात्र गर्भ नीट तयार व्हायचे. म्हणजे बिघाड नेमका त्या एका पायरीवर होता. इझुमो ज्याला धरतं ते स्त्रीबीजावरचं प्रथिन, ‘जुनो’, 2014 मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये सापडलं. एक शुक्राणू आत गेला की साधारण पाऊण तासाच्या आत स्त्रीबीज आपल्या पृष्ठभागावरचं जुनो झटकून टाकतं, त्यामुळे दुसऱ्याला जागा उरत नाही. 2024 मध्ये व्हिएन्नातल्या चमूने ‘अल्फाफोल्ड’ या संगणकीय साधनाच्या मदतीने दाखवलं की इझुमो एकटं काम करत नाही. शुक्राणूवर ‘स्पाका-6’ आणि ‘टीमेम-81’ यांच्यासोबत त्याचं त्रिकूट असतं. माशापासून माणसापर्यंत हे त्रिकूट टिकून आहे, आणि माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला गेल्या दशकातला हा सर्वांत सुंदर शोध आहे.

तुम्ही म्हणाल, मग इझुमोविरुद्ध लस बनवा आणि विषय संपवा. पण इझुमो शुक्राणूच्या पृष्ठभागावर आधीपासून उघडं नसतं. अ‍ॅक्रोसोमची पिशवी फुटेपर्यंत ते तिच्याआड झाकलेलं असतं. म्हणजे संपूर्ण प्रवासात अँटीबॉडीला ते दिसतच नाही, आणि दिसतं तेव्हा शुक्राणू स्त्रीबीजाच्या दाराशी उभा असतो. त्या थोड्याशा वेळात, बीजवाहिनीच्या त्या कोपऱ्यात, पुरेशा अँटीबॉडी हजर असल्या पाहिजेत. सगळ्यात नेमकं लक्ष्यच सगळ्यात दुर्गम जागी आहे.

जी प्रथिनं बाहेरच दिसतात त्यांच्यावर प्रयोग झाले. पीएच-20 टोचलेल्या गिनीपिगांत, नर असो वा मादी, एकालाही गर्भधारणा घडवता आली नाही. 1988 चा तो निकाल वाचून अनेकांना वाटलं की आता थोडीच वर्षं उरली. पुढे अशी लस दिलेल्या नर गिनीपिगांच्या वृषणांत दाह आढळला. शुक्राणू वयात आल्यावर तयार होतात. ‘आपलं’ आणि ‘परकं’ ही ओळख शरीराने त्याआधीच पक्की केलेली असते. म्हणून वृषणात रक्त आणि शुक्राणू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत असते. लसीने चेतवलेली फौज त्या भिंतीपाशी गेली की स्वतःच्याच वृषणाचं नुकसान होण्याचा धोका राहतो. सशांत तेच प्रथिन वापरलं तर वेगळाच घोटाळा झाला. रक्तात अँटीबॉडी मुबलक, पण जननमार्गात त्यांतल्या फारच थोड्या उतरल्या, आणि ससे पिल्लं देत राहिले. शुक्राणूच्या ऊर्जेसाठी लागणाऱ्या ‘एलडीएच-सी4’ विकराची तीच कथा: बबून माद्यांत गर्भधारणा बऱ्याच कमी झाल्या, मकाक माकडांत काहीच फरक पडला नाही. एका प्राण्यातला निकाल दुसऱ्यात टिकत नाही, हे या संशोधनात पुनःपुन्हा समोर आलं आहे.

सगळ्यांत आशा वाटावी असा प्रयोग आपल्याच देशात झाला. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना विद्यापीठाचे मायकेल ओ’रँड आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून दक्षिण भारतातल्या बॉनेट जातीच्या नर माकडांना ‘एपिन’ या प्रथिनाची लस दिली. एपिन शुक्राणूवर बसलेलं असतं आणि स्खलनानंतर शुक्राणू मोकळा पोहू लागायच्या क्रियेत त्याचा सहभाग असतो. अँटीबॉडीने ते अडलं की पोहणंच मंदावतं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: 9 नरांपैकी 7 जणांत अँटीबॉडी भरपूर वाढल्या आणि त्या सातही जणांपासून गर्भधारणा झाली नाही. लस थांबवल्यावर 7 पैकी 5 पुन्हा प्रजननक्षम झाले.

हे आकडे तुमच्या यजमानांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. नवांपैकी दोघांत लस नीट चढलीच नाही. ज्यांच्यात चढली, त्यांतल्या दोघांची प्रजननक्षमता प्रयोग संपेपर्यंत परतली नाही. शास्त्रज्ञ म्हणून मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पण उपचार करणारी म्हणून मी कुणा जोडप्याला असं सांगू शकत नाही की ‘तुमचं नशीब असेल तर लागू पडेल, आणि परत मूल हवं झालं तर कदाचित होईल.’

माणसांतला पुरावा आमच्या प्रयोगशाळेतही असतो. नसबंदी केलेल्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तात पुढे शुक्राणूंविरुद्ध अँटीबॉडी सापडतात, कारण अडलेले शुक्राणू शरीराला शोषून घ्यावे लागतात. त्यांतल्या काहींनी पुढे, बहुतेकदा अपत्य गमावल्यामुळे किंवा दुसऱ्या लग्नामुळे, नळी पुन्हा जोडून घेतलेली असते. अँटीबॉडी अंगात असूनही अशा बऱ्याच जणांना मुलं होतात. काहींना मात्र होत नाहीत, आणि कोणाला होणार हे रक्तातल्या आकड्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. निसर्गाने स्वतः केलेली ‘लस’ इतकी बेभरवशाची असेल, तर आपली त्याहून पक्की असल्याचा पुरावा लागेल, आणि तो अजून कुणाकडे नाही.

संसर्गावरची लस पूर्ण संरक्षण देत नसली तरी आजार सौम्य करते. गर्भधारणेत सौम्य असं काही नसतं. कोट्यवधी शुक्राणूंतला एक निसटला तरी पुरतो, आणि तोही एकदा नव्हे, महिन्यामागून महिना, वर्षानुवर्षं अडवायचा असतो.

स्त्रियांवर खरोखर तपासली गेलेली लस शुक्राणूंविरुद्ध नव्हती, ती एचसीजी या गर्भधारणेच्या संप्रेरकाविरुद्ध होती. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेच्या डॉ. जी. पी. तलवार यांनी ती घडवली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 148 स्त्रियांना ती दिली; त्यांतल्या 119 जणींत अँटीबॉडी आवश्यक पातळीच्या वर गेल्या. ती पातळी टिकून असताना 1224 मासिक चक्रांत फक्त एक गर्भधारणा झाली. पातळी उतरल्यावर मूल हवं असणाऱ्यांना दिवसही गेले. जगात असा पुरावा पहिल्यांदाच मिळाला होता आणि तो भारतातून आला, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही जवळजवळ पाचातल्या एकीत पातळी पुरेशी चढली नाही, सुरुवातीचे काही महिने दुसरं साधन वापरावं लागलं आणि रक्त तपासत राहावं लागलं.

त्या लसीत एचसीजीला धनुर्वाताच्या लसीतला घटक जोडला होता, कारण नुसत्या स्वतःच्या संप्रेरकाविरुद्ध शरीर उठत नाही. त्यावरून अनेक देशांत अफवा उठल्या की धनुर्वाताच्या इंजेक्शनातून गुपचूप वांझ केलं जातंय. करोनाच्या वेळी आमच्याकडेही सुना-लेकी काळजीने हेच विचारायला येत होत्या. म्हणून इथे ठासून सांगते: गरोदरपणात आणि लहान मुलांना मिळणाऱ्या कुठल्याही नेहमीच्या लसीत शुक्राणू, स्त्रीबीज किंवा एचसीजी यांच्याविरुद्ध काहीही नसतं. त्या लसी चुकवू नका. 1990 च्या दशकात महिला संघटनांनी गर्भनिरोधक लसींविरुद्ध जगभर मोहीम उघडली, त्यांचा एक मुद्दा मला आजही शंभर टक्के पटतो: एकदा टोचलेली लस बाईला स्वतःच्या मर्जीने थांबवता येत नाही. तांबी काढता येते, गोळी बंद करता येते. अँटीबॉडी मात्र उतरायच्या तेव्हाच उतरतात.

स्त्रीबीजाच्या कवचाविरुद्धची लस प्राण्यांसाठी चालते. अमेरिकेच्या असाटीग बेटावर रानघोड्यांची संख्या आटोक्यात ठेवायला डुकराच्या झोनापासून केलेली लस 1994 पासून वापरतात. तिथे शंभरातल्या ऐंशी घोड्यांत लागू पडली तरी काम झालं, एखादं शिंगरू जास्त जन्मलं तर बिघडत नाही. पादरा-डभोईकडे शेतात घुसणाऱ्या रोझांसाठी (नीलगायींसाठी) किंवा गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पुढेमागे असा मार्ग निघाला तर मी स्वागतच करीन. स्त्रियांसाठी नाही, या लसीने काही प्राण्यांत बीजकोशालाच इजा झाली आहे.

शुक्राणूंच्या प्रथिनांवरचं हे सगळं ज्ञान मात्र वाया गेलेलं नाही, फक्त त्याचा रोख लसीवरून दुसरीकडे वळला आहे. शरीराला अँटीबॉडी बनवायला लावण्यापेक्षा तयार अँटीबॉडी, मोजून, हवी तिथे द्यायची. एका निरोगी पण मूल न होणाऱ्या स्त्रीच्या शरीरात सापडलेली, शुक्राणूंना गोळा करून थांबवणारी अँटीबॉडी अमेरिकेत तंबाखूच्या जातीच्या रोपांत तयार केली गेली आणि योनीत ठेवायच्या विरघळणाऱ्या पातळ पट्टीत घातली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत संबंधानंतर गर्भाशयमुखाच्या स्रावात पुढे पोहणारे शुक्राणू जवळजवळ शून्यावर आले. इथे मात्रा ठरलेली, जागा ठरलेली, आणि नको तेव्हा वापरलं नाही की संपलं. दुसरी वाट औषधाची. शुक्राणूच्या पोहण्याला लागणारं एक विकर काही तासांपुरतं बंद करणारं औषध न्यूयॉर्कमध्ये नर उंदरांना दिलं, तर त्या वेळात गर्भधारणा झाली नाही आणि दुसऱ्या दिवशी शुक्राणू पूर्ववत झाले. एपिनवर काम करणाऱ्या ओ’रँड यांनीही पुढे लस सोडून त्याच प्रथिनाला चिकटणारं औषध माकडांत तपासलं. पैज लावायची तर मी या दोन वाटांवर लावीन. पण यातलं काहीही आज औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून यासाठी थांबून राहू नका.

‘रिसग’ या पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधकाबद्दलही लोक विचारतात. ती लस नाही. खरगपूर आयआयटीच्या डॉ. सुजॉय गुहा यांनी शोधलेलं ते द्रव्य शुक्रवाहिनीत टोचतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत 303 पुरुष होते आणि निकाल चांगला आला आहे. तेही अजून सर्रास उपलब्ध नाही.

आता तुमच्यापुरतं. तांबीने जास्त जात असेल तर संप्रेरक असलेली तांबी वेगळी असते, तिने बहुधा अंगावरून जाणं कमीच होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना तिच्याबद्दल विचारा. डोकेदुखी कोणत्या गोळीने होते आणि अर्धशिशी आहे का, हे त्यांना नक्की सांगा, कारण काही प्रकारच्या अर्धशिशीत नेहमीच्या मिश्र (दोन संप्रेरकांच्या) गोळ्या देत नाहीत. ‘छाया’ गोळीत संप्रेरक नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची. ‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. छाया आणि अंतरा दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आणि यजमानांना माझा निरोप द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते आणि पुरुषांची 0.3 टक्के. ही तफावत मला फार बोचते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सुन्न करून थोड्या वेळात होते, पोट उघडावं लागत नाही, ताकद किंवा इच्छा कमी होत नाही, कारण वृषणातलं संप्रेरक थेट रक्तातच जातं. फक्त ती कायमची समजूनच करावी. नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. नमुना घरून आणणार असाल तर रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत घ्या, निरोधमध्ये नको, डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा आणि तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. अहवालात शुक्राणू ‘शून्य’ असं लिहून आलं की मग निरोध सोडायला हरकत नाही.